शुक्राणूंची शर्यत नसते हो, माग काढत जातात ते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मूल न होण्यावरचा लेख वाचला. लेख तसा चांगलाय, पण त्यात परत तेच चित्र आणि तेच वाक्य, की कोट्यवधी शुक्राणू सुटतात, शर्यत लागते आणि सगळ्यात फास्ट असेल तो जिंकतो. मी गोव्यात म्हापशात एका लॅबमध्ये सीमेन अनॅलिसिस, म्हणजे वीर्याची तपासणी करते, हे प्रकरण रोज मायक्रोस्कोपखाली बघते, आणि ही शर्यत डोक्यात घेऊन आलेल्या पेशंटला समजावण्यात बराच वेळ जातो म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

एक तर आधी पोचून काही मिळत नाही. माणसाचे शुक्राणू बाहेर पडतात तेव्हा स्त्रीबीजाशी मिळायला तयारच नसतात, बाईच्या शरीरात काही तास घालवल्यावर ते तयार होतात, आणि तेही सगळे एकदम नाही, एका वेळी साधारण दहातला एक, तो थोडा वेळ तसा राहतो, मग त्याचं संपतं आणि दुसऱ्याचा नंबर लागतो. म्हणजे जो सगळ्यांच्या पुढे पळाला तो बहुतेक फुकटच गेला. शिवाय गर्भाशयातून वर जायला गर्भाशयाचे स्नायूच मदत करतात, आणि शेवटी बीजाच्या आसपास पोचतात ते शेकड्यात मोजावे इतकेच. या तयार झालेल्यांनाच बीजाकडून येणारा इशारा कळतो, बाकीचे नुसते शेपटी हलवत फिरतात.

इशारा म्हणजे केमिकल. बीजाभोवती ज्या बारीक पेशी चिकटलेल्या असतात त्या प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन सोडतात, हो तेच, ज्याच्या गोळ्या नि इंजेक्शनं डॉक्टर लिहून देतात. शुक्राणूच्या शेपटीवर कॅटस्पर नावाचं एक चॅनल, म्हणजे उघडझाप होणारं बारीक दार असतं, ते 2001 मध्ये सापडलं, आणि ज्या उंदरांमध्ये ते नसतं त्या नरांना पिल्लंच होत नाहीत. 2011 मध्ये अमेरिकेतल्या आणि जर्मनीतल्या दोन टीमनी वेगवेगळं दाखवून दिलं की प्रोजेस्टेरॉन लागलं की माणसाच्या शुक्राणूत हे चॅनल उघडतं, कॅल्शियम आत शिरतं आणि शेपटीचा फटका एका बाजूला जास्त बसायला लागतो, की शुक्राणू वळला. ना मेंदू ना डोळे, तरी दिशा कशी कळते म्हणाल तर मे महिन्यात घरात कुठेतरी फणस पिकलाय हे आपल्याला कळतं ना तशी, एका जागी उभं राहून नाही कळत, चार पावलं इकडे चार तिकडे जाऊन वास कुठे वाढतो ते बघावं लागतं. शुक्राणू पोहता पोहता हेच करतो. आता हे बरंचसं लॅबमध्ये काचेवर बघितलेलं आहे, जिवंत बाईच्या गर्भनळीत बसून कुणी बघितलेलं नाही, हेही सांगायला हवं. आणि हा माग चालतो तो अगदी जवळ आल्यावर, त्याच्या आधी नळीतला प्रवाह असतो, त्याच्या उलट पोहतात, आणि उष्णता असते, थोडं जास्त गरम असेल तिकडे वळतात.

ही काही माणसाचीच खासियत नाही. पावसात आपल्या विहिरीच्या चिऱ्यांवर नेचे, म्हणजे फर्न उगवतात, त्यांच्या पिल्लावस्थेत नखाएवढं हिरवं पान असतं चिऱ्याला चिकटलेलं, त्याच्यावर पाण्याचा पातळ थर आला की नेच्याचे शुक्राणू त्यात पोहत बीजाकडे जातात. त्यांना ओढतं ते मॅलिक ॲसिड, सफरचंदाला आंबटपणा येतो तेच. विल्हेल्म फेफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हे 1884 मध्येच दाखवलं होतं, म्हणजे इथे पोर्तुगीज होते तेव्हा, आणि आपण अजून शर्यतीची चित्रं छापतोय.

समुद्रातलं तर विचारूच नका. शिणाणे, म्हणजे ते शिंपल्यातले जीव, आपण आवडीने खातो, पण ते बीजं आणि शुक्राणू दोन्ही सरळ पाण्यात सोडून देतात, एवढ्या समुद्रात गाठ पडायची कशी? शिणाण्यांच्या जातभाईंवर प्रयोग झालेत, त्यातही बीजाकडून येणारं केमिकलच शुक्राणूंना ओढतं असं दिसलं. सी अर्चिनमध्ये, तो काटेरी गोळा असतो ना खडकांवर, त्याच्यात तर हे सगळ्यात बारकाईने तपासलंय. एका जातीच्या बीजातून रिसॅक्ट नावाचं चौदा अमिनो ॲसिडचं छोटंसं पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचा तुकडाच, सुटतं, आणि त्याचा एक, फक्त एक रेणू चिकटला तरी शुक्राणूत हालचाल होते. आपल्या लॅबमधलं एकही मशीन इतकं सेन्सिटिव्ह नाही, मी लिहून देते.

फुलांच्या वासाचा मेसेज व्हॉट्सॲपवर अजून फिरतो, 'शुक्राणूंना लिलीचा सुगंध आवडतो' वगैरे. 2003 मध्ये एका सुगंधी केमिकलकडे शुक्राणू वळतात असं दिसलं होतं, तेव्हा म्हणाले यांना नाकासारखे वास ओळखणारे रिसेप्टर आहेत. नंतर 2012 मध्ये निघालं की ते केमिकल सरळ कॅटस्परच उघडतं. पण ही बातमी काही फॉरवर्ड झाली नाही.

हे सगळं लिहायचं कारण आमचा रिपोर्ट. त्यात काउंट, म्हणजे संख्या असते, मोटिलिटी, म्हणजे किती हलतात ते असतं, आकार असतो. डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तकाप्रमाणे एका एमएलमध्ये 16 मिलियन ही खालची रेषा. पण शुक्राणूला दिशा कळते की नाही हे त्या कागदावर कुठेच येत नाही, रोजच्या तपासणीत ती टेस्टच नाही. काउंट, मोटिलिटी सगळं नॉर्मल आणि कॅटस्पर मात्र बंद, असे पुरुष जगात सापडलेत. मग रिपोर्ट 'नॉर्मल' बघून सासू लगेच सुनेकडे बघते, कागद हातात पडल्या पडल्या, काउंटरवरच, मी समोर उभी असते. आणि निम्म्या वेळा तर नवरा आलेलाच नसतो, बायकोच्या सगळ्या टेस्ट झालेल्या असतात, सोनोग्राफी झाली, ट्यूब टेस्ट झाली, आणि या गृहस्थाची साधी एक तपासणी व्हायची असते जिच्यात सुईसुद्धा टोचत नाही.

तेव्हा लेखकांना एवढं सांगा की पुढचा भाग लिहाल तेव्हा ही माहितीही द्या: आधी दोन ते सात दिवस वीर्य बाहेर पडू द्यायचं नाही, सॅम्पल शक्यतो लॅबमध्येच द्यायचं, घरून आणायचंच झालं तर तासाच्या आत आणि शर्टाच्या आत अंगाला लावून आणायचं. सत्तरी तालुक्यातून एकजण मासळीच्या आइसबॉक्समधून घेऊन आला होता, बर्फ घालून, आणि वर मलाच विचारतो की एकपण का हलत नाही.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, म्हापसा