केळीचे पान, भाजलेली कातडी आणि अर्धवट वाचलेले संशोधन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत भाजल्यावरच्या घरगुती उपायांत ‘ताजे केळीचे पान धुऊन जखमेवर बांधावे, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे’ असे छापून आले आहे. संशोधन झाले आहे, हे खरे. पण ते ताज्या पानाचे नाही, घरी बांधण्यासाठी नाही, आणि ‘सिद्ध’ म्हणण्याची घाईही बरी नव्हे. एक चांगले काम चुकीच्या पद्धतीने लोकांपर्यंत जात आहे, म्हणून हे पत्र.

शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे आणि सहकाऱ्यांचे या विषयावरचे दोन लेख 2003 मध्ये ‘बर्न्स’ या नियतकालिकात आले. एका लेखात ग्राफ्टसाठी, म्हणजे दुसऱ्या जखमेवर लावण्यासाठी, कातडी काढलेल्या जागेवर पानाचे ड्रेसिंग वापरले होते. दुसऱ्यात वरवर भाजलेल्या, जंतुसंसर्ग नसलेल्या जखमांवर ते लावून उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्टीशी तुलना केली होती. सालींची पट्टीही मुंबईचीच. वाडिया बालरुग्णालयातील डॉ. केसवानी यांनी ती 1985 मध्ये मांडली. तुलनेत वेदना आणि जखम भरणे, दोन्ही बाबतींत पान सालींच्या तोडीस तोड ठरले, बनवायला सोपे आणि 11 पट स्वस्त पडले. प्लास्टिक सर्जरीच्या प्रत्येक समारंभात आपण सुश्रुत आठवतो, पुण्याकडच्या ज्या नाकाच्या शस्त्रक्रियेचे वर्णन 1794 मध्ये लंडनच्या मासिकात छापून आले तीही आठवतो. शीवच्या या पानाचे नाव मात्र तिथे क्वचितच निघते.

पान कशासाठी, हे समजायला कातडी काढलेली जागा डोळ्यांपुढे आणावी लागेल. हंबी नाइफ किंवा डर्माटोम या कातडी सोलण्याच्या अवजारांनी मांडीवरून साधारण 0.2 ते 0.4 मिलिमीटर जाडीचा पापुद्रा काढतात. खाली उरलेली केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी यांतून नवी कातडी उगवते आणि दहा ते चौदा दिवसांत जागा भरते. पण तोवर मज्जातंतूंची टोके उघडी असतात. म्हणून ग्राफ्ट लावलेल्या जखमेपेक्षा मांडीच जास्त दुखते, अशी रुग्णांची नेहमीची तक्रार असते. वर्षानुवर्षे तिथे व्हॅसलीन गॉज (व्हॅसलीन लावलेले जाळीदार कापड) लावला जातो. त्याच्या जाळीत पाझरलेले पाणी सुकते, नवी कातडी त्या जाळीत शिरून वाढते, आणि गॉज वेळेआधी ओढला की तीही सोलून निघते. केळीच्या पानाला जाळी नाही. त्याचा मेणचट पृष्ठभाग जखमेला चिकटत नाही आणि ओल टिकवतो. ओल टिकली की जखम लवकर भरते, हे जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्येच डुकरांवरच्या प्रयोगात दाखवले होते: पॉलिथिनखाली झाकलेली जखम उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने भरली.

आता कृती. पान स्वच्छ धुतात, मधला दांडा काढून टाकतात आणि पात पिठाच्या खळीने कापडी पट्टीवर चिकटवतात. ही खळ महत्त्वाची, कारण केळीचे पान शिरांच्या दिशेने सहज फाटते. मागे कापड असेल तरच ते हालचालीत टिकते. रात्रभर वाळवून त्याची गुंडाळी करतात, कागदात बांधतात आणि ऑटोक्लेव्ह करतात, म्हणजे दाबाखालच्या वाफेत 121 अंश सेल्सिअसला ठेवतात. इथे हमखास होणारी चूक म्हणजे गुंडाळी फार घट्ट बांधणे. मग वाफ आतपर्यंत पोचतच नाही. गुंडाळीवर चिकटवलेल्या टेपचा रंग बदलतो, पण तो फक्त बाहेरची उष्णता सांगतो. खात्री हवी असेल तर वाफ पोचल्याचे दाखवणारा इंडिकेटर गुंडाळीच्या पोटात ठेवावा. पाकीट ओले निघाले तर ते वापरू नये, कारण ओल्या कागदातून जंतू आत शिरतात.

पान धुऊन यातले काहीच साधत नाही. शेतातल्या पानावर माती असते आणि मातीत धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू. ते नळाच्या पाण्याने जात नाहीत, पान उकळून काढले तरी त्यांची खात्री नाही. शिवाय करपा पडू नये म्हणून बागांमध्ये बुरशीनाशक मिनरल ऑइलमध्ये मिसळून फवारतात. तो तवंग पानावरच बसतो. जळगावची बाग काय आणि वसईची काय, पान तोडण्याआधी शेवटची फवारणी कधी झाली, हे बाजारात कोण सांगणार? जेवणाच्या पानाला चालते ते उघड्या जखमेला चालेलच असे नाही.

पान पाणी शोषत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. पहिल्या दोन दिवसांत जखम बरीच पाझरते आणि ते पाणी पानाच्या कडेने बाहेर येते. वर कापसाचा जाड पॅड लागतो. तो भिजला तर पॅड बदलायचा, आतले पान हलवायचे नाही. पाणी निळसर हिरवे झाले, वास सुटला, ताप चढला, तर मात्र पान लगेच काढायचे. खाली स्युडोमोनास हे जंतू वाढत असण्याची शक्यता मोठी. आणि खोल भाजलेली जखम, म्हणजे पांढरट, चामड्यासारखी, टोचले तरी न दुखणारी, तिला पानाचा काहीच उपयोग नाही. तिथे मेलेली कातडी कापून ग्राफ्टच करावा लागतो. दुखत नाही म्हणून घरचे निर्धास्त राहतात, आणि नेमकी तीच जखम गंभीर असते.

घरी करायचे ते एवढेच: भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा, पहिल्या तीन तासांत कधीही केले तरी उपयोग होतो. बर्फ नको. अंगठ्या, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात. टूथपेस्ट, शाई, हळद, बटाटा, पान काही न लावता स्वच्छ सुती कापडाने झाकावे आणि दवाखाना गाठावा.

राहिला ‘सिद्ध’ हा शब्द. त्यासाठी मोठी, अनेक रुग्णालयांत एकाच वेळी चालणारी चाचणी लागेल, आणि तिला पैसा देणारी कंपनी मिळणे अवघड आहे, कारण पानावर पेटंट घेऊन कोणी श्रीमंत होणार नाही. पण एमएसच्या, म्हणजे शस्त्रक्रियेतील पदव्युत्तर पदवीच्या, प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने पाच-सहा महाविद्यालयांना एकच आराखडा दिला तर छोट्या, एकमेकांशी न जुळणाऱ्या प्रबंधांऐवजी एक वजनदार अभ्यास उभा राहील. नैतिकता समितीची परवानगी आणि सीटीआरआयमध्ये, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत, पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदणी, हे ओघाने आलेच.

आराखड्यात एक गोम आहे. एकाच मांडीच्या अर्ध्या भागावर पान आणि अर्ध्यावर गॉज, ही रचना जखम भरण्याच्या तुलनेला उत्तम, कारण वय, मधुमेह, पोषण सगळे सारखेच राहते. पण वेदनेच्या तुलनेला ती कच्ची आहे. चार बोटे अंतरावरच्या दोन जागांपैकी नेमकी कुठली किती दुखते, हे रुग्णाला वेगळे सांगता येत नाही. त्यामुळे वेदनेसाठी दोन्ही मांड्यांवरून कातडी काढलेले रुग्ण वेगळे मोजावेत, किंवा रुग्णांचे दोन स्वतंत्र गटच करावेत. विभागणीही वर-खाली करू नये. वरच्या अर्ध्यातले पाणी खाली उतरते आणि खालचे ड्रेसिंग विनाकारण बदनाम होते. कुठल्या बाजूला काय, हे बंद लिफाफ्यातून ठरावे. ड्रेसिंग लावणाऱ्याला काय लावले ते दिसणारच, म्हणून जखम भरली की नाही हे आठव्या, दहाव्या आणि चौदाव्या दिवशीच्या फोटोंवरून, ड्रेसिंग माहीत नसलेल्या तिसऱ्या डॉक्टरने ठरवावे. आकडेमोडीत जखमेचे दोन भाग म्हणजे दोन रुग्ण असे धरू नये. ही चूक प्रबंधांत वारंवार होते आणि नमुना होता त्यापेक्षा दुप्पट दिसतो.

आणि प्रत्येक गुंडाळीवर पान कुठल्या बागेतले, शेवटची फवारणी कधीची, ऑटोक्लेव्हची तारीख कोणती, हे लिहिलेले असावे. एखाद्या महाविद्यालयात संसर्ग जास्त निघाला तर दोष पानाचा की वाफेचा, हे या तीन नोंदींशिवाय कळणार नाही.

आपले,
प्लास्टिक सर्जरीचे दोन शिक्षक, मुंबई