सहायक प्रशिक्षकाचे पद आधी कागदावर आणा

संपादक महोदय,

बारावीचे निकाल लागले की करिअर पुरवण्यांत ‘क्रीडा प्रशिक्षक’ ही वाट हमखास सुचवली जाते आणि दाखला अमेरिकेतल्या महाविद्यालयांचा दिला जातो. दाखला खरा आहे. तिथल्या आइस हॉकीत सहायक प्रशिक्षक हा पूर्णवेळ पगारी माणूस असतो. महाविद्यालयीन खेळाच्या पहिल्या, म्हणजे सर्वोच्च विभागात पुरुषांचे साठहून अधिक संघ आहेत. त्यांत बहुधा एका सहायकाकडे बचावफळी, दुसऱ्याकडे आक्रमण असते. साधारण दर ४५ सेकंदांनी बर्फावरचे खेळाडू बदलतात, त्या पाळ्यांवर त्यांचेच लक्ष. एरवीचा बराच वेळ नवे खेळाडू शोधण्यात जातो. २०२५-२६ च्या हंगामापासून कॅनडातल्या प्रमुख ज्युनियर लीगच्या मुलांनाही या संघांची दारे उघडली, त्यामुळे हे काम आणखी वाढले. सुरुवात मात्र तिथेही अनेकांची तुटपुंज्या मानधनावर, लहान कॉलेजातच होते. पुरवण्या हे सांगत नाहीत.

मराठवाड्यात बर्फ नाही, पण हॉकी आहे. नांदेडला गुरू गोविंदसिंगजींच्या नावाने अखिल भारतीय स्पर्धा भरते, तेव्हा मैदानाभोवती गर्दी असते. महाविद्यालयांच्या मंजूर पदांत मात्र शारीरिक शिक्षण संचालक आहे, सहायक प्रशिक्षक नाही. कबड्डी, खो-खो, अॅथलेटिक्स आणि हॉकी, सगळे त्या एकाच्याच गळ्यात.

याचा फटका कुठे बसतो? पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे बचावाच्या चुकीबद्दल समोरच्याला मिळणाऱ्या गोलच्या संधीवर: एक जण मागच्या रेषेवरून चेंडू देतो, दुसरा तो वर्तुळाबाहेर थांबवतो आणि मग गोलवर फटका बसतो. बचावाला गोलरक्षक धरून पाच जण, बाकीचे सहा मध्यरेषेपलीकडे. समोरचा ड्रॅगफ्लिक (चेंडू स्टिकवर ओढत नेऊन उचलून मारलेला फटका) मारतो की चेंडू बाजूला सरकवतो, हे पहिल्या दोन कॉर्नरवर कोणी टिपून ठेवले असेल तरच तिसऱ्या वेळी फटका अडवायला धावणारा आपला पहिला खेळाडू योग्य रेषेत सुटतो. मुख्य प्रशिक्षक तेव्हा पंच, बदली खेळाडू आणि घड्याळ यांत गुंतलेला असतो. त्याच्याकडून ही टिपणे होत नाहीत.

आक्रमणातली अडचण मैदानाची. मुरमावर चेंडू उड्या घेत येतो, म्हणून मुलांना स्टिक उभी धरून अंगाजवळ चेंडू अडवायची सवय लागते. ओल्या टर्फवर (कृत्रिम गवताच्या मैदानावर) तोच चेंडू सपाट आणि कितीतरी वेगाने येतो. स्टिक आडवी, जमिनीला टेकलेली नसेल तर तो खालून निसटतो. चेंडू थांबवणाराच चुकला, तर फ्लिक मारणारा कितीही तगडा असो, कॉर्नर वाया जातो. विद्यापीठाचे शिबिर आठ-दहा दिवसांचे. एवढ्यात ही सवय मोडायची तर चेंडू देणारा आणि थांबवणारा, या दोघांना रोज सरावाआधी अर्धा तास वेगळे घ्यावे लागते. गोलरक्षकाचेही तसेच. सोबत कोणी नसले की तो तासभर नुसते फटके खात उभा राहतो, पायाची चाल कोणी दुरुस्त करत नाही.

व्हिडिओला फार खर्च नाही. एक फोन, एक ट्रायपॉड आणि गोलपोस्टमागची उंच जागा. बाजूच्या रेषेवरून चेंडूचा पाठलाग करत काढलेले चित्रण जवळपास निरुपयोगी, कारण चेंडूपासून लांब असलेले खेळाडू त्यात दिसतच नाहीत. आठ-दहा सेकंदांचे सहा-सात तुकडे रात्री दाखवले की पुरे; पूर्ण सामना दाखवला तर मुले झोपतात.

या वाटेला येणाऱ्या मुलांना एवढेच सांगणे आहे, की फक्त बी.पी.एड. करून भरतीची वाट पाहू नका. संचालकपदाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के आणि सहसा नेट-सेट लागते, आणि जागा कमी निघतात. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम किंवा एक वर्षाची पदविका करा. हॉकी इंडियाच्या प्रशिक्षक-अभ्यासक्रमांच्या पायऱ्याही आहेत. आणि गोलरक्षण, कॉर्नर किंवा व्हिडिओ यांतले एक काम इतरांपेक्षा चांगले शिका. सगळेच थोडे थोडे येणाऱ्याला संघात बोलावण्याचे कारण उरत नाही.

विद्यापीठांकडे मागणी कायम पदाची नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे वेळापत्रक काढतानाच तीन महिन्यांच्या मानधनावर दोन सहायक नेमा: एकाकडे कॉर्नर आणि बचाव, दुसऱ्याकडे गोलरक्षक आणि व्हिडिओ. कामे नेमणूकपत्रात लिहा, नाहीतर तो सामानाच्या पिशव्या आणि रेल्वे आरक्षण यांतच अडकतो. आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाताना प्रवासभत्त्याच्या यादीत आणि संघाच्या अधिकृत यादीतही त्याचे नाव घाला. यादीत नाव नसलेल्या माणसाला बाकावर बसू देत नाहीत, आणि मग कॉर्नरची सगळी टिपणे घेऊन तो प्रेक्षकांत बसतो.

– मराठवाड्यातील काही हॉकी प्रशिक्षक
(नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर)