‘द गॉडेस’ मोठ्या पडद्यावर दाखवावा

महोदय,

मूकपटातील अभिनय म्हणजे हातवारे आणि डोळे विस्फारणे, असा समज आपल्याकडे अजूनही आढळतो. तो दूर होण्यासाठी वू योंगगांग दिग्दर्शित ‘द गॉडेस’ हा १९३४ सालचा शांघायमधील मूकपट रसिकांनी आवर्जून पाहावा. मुलाला वाढवण्यासाठी देहविक्रय करणारी आई आणि तिची कमाई लुबाडणारा जुगारी, हे कथानक ठरावीक वळणाचे असले, तरी नायिका रुआन लिंग्यू त्याला कुठेही भडक होऊ देत नाही. शाळेच्या कार्यक्रमात मुलगा गात असताना प्रेक्षकांत बसलेल्या आईच्या चेहऱ्यावर कौतुक ओसंडत असते. मात्र आजूबाजूच्या बायकांची कुजबुज लक्षात येताच ते हसू हळूहळू मावळते, आणि हा सारा बदल ती एकही ठळक हावभाव न करता दाखवते. पुढे तुरुंगात भेटायला आलेल्या मुख्याध्यापकांना ती विनवते, की आई मेली असे मुलाला सांगा. तो प्रसंग पाहताना अक्षरशः काळजात चर्र होते.

खासगी आयुष्याची वृत्तपत्रांतून जाहीर चर्चा सुरू असताना ८ मार्च १९३५ रोजी, अवघ्या २४ वर्षांच्या या अभिनेत्रीने आत्महत्या केली. तिच्या हातून आणखी किती मोठे काम झाले असते!

आपल्याकडील फिल्म सोसायट्यांनी हा मूकपट मोठ्या पडद्यावर, शक्यतो प्रत्यक्ष वादनाच्या साथीने दाखवावा आणि मधल्या पाट्यांवरील चिनी मजकूर मराठीतून वाचून दाखवण्याची सोय करावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे