पाणी ओसरत नाही तेव्हा

बेंतीऊ, दक्षिण सुदान
२१ सप्टेंबर २०२५, सर्वपित्री अमावस्या

ती. आई आणि ती. आप्पा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोन मध्येच तुटला आणि मग रात्रभर लागलाच नाही. इथला सगळा कारभार उपग्रहाच्या इंटरनेटवर चालतो, आभाळ भरून आलं की तोही जातो. म्हणून आज रविवार बघून पत्रच लिहायला घेतलं. केरळचा एक सहकारी उद्या रजेवर निघतोय, तो कोचीला पोचला की पोस्टात टाकेल.

आई, फोन तुटायच्या आधी तू जे विचारलंस ते तेव्हापासून डोक्यात आहे. "अगं, इतकी वर्षं झाली, ही छावणीतली माणसं आपापल्या घरी का जात नाहीत?" तुझ्या आवाजात राग नव्हता, काळजी होती, ते मला कळलं. आपण २०१९ च्या ऑगस्टमध्ये जयसिंगपूरच्या त्या शाळेत अकरा दिवस काढले. कृष्णा आणि पंचगंगा उतरली, आपण घरी गेलो, भिंतीवर गळ्याइतकी चिखलाची रेघ होती, महिनाभर घासत बसलो. पण घर होतं. इथं ते पाणी उतरतच नाही.

आप्पा, हा भाग तुमच्यासाठी लिहिते, तुम्हाला नदीचं कळतं. व्हिक्टोरिया सरोवराचं पाणी नाईलनं उत्तरेला निघतं आणि दक्षिण सुदानात येऊन एका अफाट दलदलीत पसरतं. तिला 'सद्द' म्हणतात, अरबीत त्याचा अर्थ अडथळा. जमीन इतकी सपाट की पाण्याला कुठं जायचं तेच उमगत नाही. आत येणाऱ्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास तिथंच वाफ होऊन उडून जातं. २०१९ साली हिंदी महासागराची आफ्रिकेकडची बाजू फार तापली आणि वर्षअखेरीला पूर्व आफ्रिकेवर पाऊस कोसळला. आपल्याकडच्या त्या पुराचं खापर मी त्याच्यावर फोडत नाही, पण वर्ष तेच आणि समुद्रही तोच, हे मनातून जात नाही. मग २०२० च्या मे महिन्यात व्हिक्टोरिया सरोवर कधी नव्हे इतकं भरलं. ते पाणी इथं पोचायला महिने लागतात. ते येऊन मुरायच्या आत पुढचा पावसाळा उभा. २०२१ चा पूर तर साठ वर्षांतला सर्वांत मोठा होता, आणि त्यानंतर बेंतीऊच्या आसपासची कित्येक गावं कोरडी झालीच नाहीत. आपल्याकडं सांगलीच्या आयर्विन पुलाखाली सत्तावन्न फुटांवर गेलेलं पाणी पंधरा दिवसांत पात्रात जातं. इथं पात्र आणि शेत यातला फरकच पुसला गेलाय.

आणि पूर हे दुसरं संकट. पहिलं माणसांनी आणलेलं. ९ जुलै २०११ ला हा देश स्वतंत्र झाला, आणि २०१३ च्या डिसेंबरात राजधानी जुबात सत्तेतल्याच दोन गटांत लढाई जुंपली. ती बघता बघता इथपर्यंत आली. एप्रिल २०१४ मध्ये या गावात मशिदीत, दवाखान्यात आसऱ्याला गेलेल्या माणसांना मारलं गेलं. जी वाचली ती संयुक्त राष्ट्रसंघाच्या सैनिकी तळाच्या कुंपणात शिरली, कारण तेवढीच एक जागा उरली होती. तो तळ कुणी राहायला म्हणून बांधलेला नव्हता. त्या पावसाळ्यात आत गुडघाभर पाणी साचलं आणि बाया पोरांना कडेवर घेऊन उभ्यानं झोपल्या. आमच्या ब्लॉकमधल्या एका आजीनं मला ते करून दाखवलं, खांबाला पाठ कशी टेकायची आणि बाळाचं डोकं कुठं घ्यायचं. करून दाखवताना तिचे हात आपोआप त्या जागी गेले.

पुढं जागा भरून, चर खणून छावणी नीट आखली. २०१८ मध्ये शांतता करार झाला, मार्च २०२१ मध्ये छावणीचा ताबा सरकारकडं गेला, आता घरी जायचे दिवस आले असं वाटत होतं. त्याच वर्षी पाण्यानं चारी बाजूंनी वेढलं. आज लाखाच्या आसपास माणसं मातीच्या बांधाच्या आत राहतात आणि बाहेरचं पाणी आतल्या जमिनीपेक्षा उंच असतं. बांधावर उभं राहिलं की डावीकडं पाणी वर, उजवीकडं घरांची छपरं खाली. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझे पाय लटपटले.

तो बांध कशाचा आहे सांगू? काळ्या मातीचा. आप्पा, अगदी आपल्या मळ्यातली. भिजली की फुगते, चिकटते, बुटाला किलोकिलोनं लागते, आणि उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढी. तुम्ही म्हणायचा ना, या मातीत ऊस उभा राहतो पण घर उभं राहत नाही, म्हणून पाया खोल घ्यायचा. इथं तर सगळा बांधच तिचा. उन्हाळ्यात भेगा बुजवल्या नाहीत तर पावसाळ्यात त्यातूनच पाणी झिरपतं. रस्त्याला घालायला मुरूम लांबून आणावा लागतो. त्यालाही इथं 'मरम' म्हणतात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वळून बघितलं, कोण आपलं बोलतंय! बांधाची बरीच अवजड कामं पाकिस्तानी लष्कराच्या इंजिनिअर तुकड्यांनी केली आहेत, शांतिसेनेतून आलेल्या. २०२२ च्या पुरात त्यांनी दिवसरात्र यंत्रं चालवून बांध राखल्याचं जुनी माणसं सांगतात. आप्पा, तुम्ही दोन लढाया रेडिओवर ऐकलेले. पण इथं बांधाला भोक पडतं तेव्हा पलीकडून उर्दूत हाक येते, मी हिंदीत ओ देते, आणि पोती भरायला सगळे एकत्र वाकतात.

आता माझं काम. आप्पांनी गावात सांगितलंय म्हणे की लेक "छावणी चालवते", आणि लोकांना वाटतं चारा छावणी. खरं सांगायचं तर मी काहीच वाटत नाही. पाणी एक संस्था देते, संडास दुसरी बांधते, दवाखाना तिसरीचा, धान्य चौथीचं. यातलं कुठं काय पडलंय, कुणाचं छप्पर उडालंय, कोणता हातपंप बिघडलाय, कोणत्या ओळीत दोनदा गेले आणि कोणत्या ओळीत कुणीच गेलं नाही, हे रोज फिरून टिपायचं आणि ज्याचं त्याच्या गळ्यात घालायचं, हे आमचं काम. सकाळी ब्लॉकच्या पंचांबरोबर बसायचं, दुपारी संस्थांच्या बैठकीत भांडायचं.

आई, हे मी कुठं शिकले ते तुला ठाऊक नाही. त्या शाळेत चार संडास होते आणि माणसं साडेतीनशे. तिसऱ्या दिवशी तू बायकांची वेळ ठरवून घेतलीस, दाराशी दोघींना बॅटरी देऊन बसवलंस, तुझं जुनं नऊवारी आडवं बांधलंस, आणि कुणाचं काय दुखतंय खुपतंय ते माझ्या वहीत लिहून घेतलंस. इथल्या नियमपुस्तकात आहे, वीस माणसांना एक संडास, आतून कडी, वाटेवर दिवा. माणशी छप्पर साडेतीन चौरस मीटर, म्हणजे आपल्या देवघरापुढं पाट मांडतो तेवढी जागा, आणि तेवढीही इथं सगळ्यांना नाही. पण त्या पुस्तकातलं निम्मं तू पुस्तक न वाचता केलं होतंस.

एक चूक माझ्या हातून झाली, ती तुला सांगितल्याशिवाय बरं वाटणार नाही. जुलैत वाऱ्यापावसानं बरीच छपरं गेली. आम्ही यादी केली, एका कुटुंबाला एक संच: चार बाय सहा मीटरच्या दोन ताडपत्र्या, बांबू, बल्ल्या, दोर. यादी मीच तपासली आणि सही केली. वाटप झालं आणि संध्याकाळी चौदा बाया माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या, बोलेनात, नुसत्या उभ्या. इथल्या न्युएर समाजात एका पुरुषाच्या दोन-तीन बायका असतात आणि प्रत्येकीची झोपडी, चूल, पोरं वेगळी. मी नवऱ्याच्या नावावर एक खूण केली होती, दुसऱ्या-तिसऱ्या घरची पोरं उघड्यावर. तीन रात्री पावसात काढल्या त्यांनी, तोवर मी गोदामातून संच सोडवून आणले. आता यादी चुलीवरून होते. नाव विचारायच्या आधी आम्ही विचारतो, इथं स्वयंपाक कोण करतं? पण त्या तीन रात्री माझ्या हिशेबातून जात नाहीत.

त्या चौदांतली एक बेंतीऊजवळच्या गुइत भागातली. तिचं घर लावायला मी मुद्दाम गेले. बल्ल्या रोवून झाल्या, ताडपत्री ताणली, आणि मग ती भिंती लिंपायला बसली. चराच्या काठची माती, त्यात कापलेलं गवत, आणि तळव्याची ती फिरकी! अर्धगोल, त्यावर अर्धगोल. आई, तू ओसरी सारवायचीस तश्शाच बोटांच्या रेघा. मी खाली बसले आणि एक कोपरा सारवला. तिनं बघितलं, माझा अंगठा धरून जरा आत वळवला, आणि मान हलवली. शेण मात्र नव्हतं. पूर्वी असायचं, म्हणाली. तिच्या घरची बावीस गुरं पुरात गेली, काही बुडून, काही चाऱ्यावाचून. इथं लग्न, सोयरीक, मान, भांडणाची भरपाई, सगळं गुरांवर. तू विचारतेस ना घरी का जात नाहीत? गाव पाण्याखाली, गुरं गेली, आणि कोरड्या वाटेवर पुन्हा बंदुका फिरायला लागल्या आहेत. सरपणाला जाणाऱ्या बाया एकट्या जात नाहीत, दहा-दहा मिळून जातात, कारण वाटेत काय होतं ते त्या मला सांगतात आणि मी पत्रात लिहिणार नाही.

जाणारे जातात, नाही असं नाही. होडक्यातून, नाही तर ताडपत्रीत गवत भरून केलेल्या तराफ्यावरून जाऊन गाव बघून येतात. बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरून कमळाचे कंद काढून आणतात, ते वाळवून, कांडून पीठ करतात. एका आज्ज्यानं मला सांगितलं, त्याच्या अंगणातल्या झाडाचा शेंडा अजून दिसतो, त्यावरून तो घर ओळखतो.

आणि नवी माणसं येतच आहेत. १५ एप्रिल २०२३ ला पलीकडं सुदानमध्ये युद्ध पेटलं, तेव्हापासून सीमेवरच्या पानाकुआच नाक्यावरून माणसं उतरतात. त्यातली बरीच मूळची इथलीच, लढाईला भिऊन उत्तरेला गेलेली, आता दुसऱ्या लढाईला भिऊन परत. पैसा मात्र या वर्षी आटला. मोठ्या देशांनी हात आखडले, दोन संस्था आमच्या सेक्टरमधून उठून गेल्या. संडास उपसणारी गाडी रोज यायची ती आठवड्यातून दोनदा येते. पटकीची साथ ज्या देशात चालू आहे तिथं याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला सांगायला नको. मला याचा राग येतो, आप्पा. बैठकीत आकडे वाचताना आवाज चढतो माझा. चढू दे.

काळजी करू नका, मी उकळलेलं पाणी पिते, लस घेतली आहे. जेवायला ज्वारी असते, त्यामुळं पोट आपलंच राहिलंय. आंबवलेल्या पिठाची पातळ 'किस्रा' करतात, आंबोळीची बहीणच. डिसेंबरात पाऊस थांबून बांधाची डागडुजी मार्गी लागली की तीन आठवडे येते. दादा-वहिनीला सांगा, पोरांसाठी काही आणता येणार नाही, इथं विकत घेण्याजोगं काही मिळत नाही. वहिनीची गोळ्यांची वेळ चुकवू देऊ नका.

आई, उद्या घटस्थापना. गुइतच्या त्या बाईकडून ओंजळभर ज्वारी मागून आणली. कशाला म्हणून विचारलं तिनं, तर मी माझ्या मोडक्या भाषेत सांगितलं, देवीसमोर मातीत पेरायची, नऊ दिवसांत उगवते. ती आत गेली आणि स्वतःच्या गाठोड्यातून आणखी मूठभर घेऊन आली. हे बी तिनं गावाहून निघताना बांधून आणलेलं, पुन्हा पेरायला म्हणून. मी नको म्हणत होते, तिनं माझी मूठ मिटवली. पत्रावळ नाही, म्हणून जुना पाण्याचा कॅन आडवा कापलाय. माती बांधाजवळची आणली आहे, ओली, काळीभोर. मधे गडू ठेवेन. खाली सारवायला शेण मिळालं नाही, नुसत्या मातीनंच सारवलंय. चालेल ना गं?

तुमची,
थोरली