बंद गाडीत कुत्रा ठेवून जेवायला जाऊ नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्याची सुट्टी लागली की आमची निम्मी सोसायटी कोकणात नाहीतर महाबळेश्वरला निघते आणि हल्ली घरातली कुत्री-मांजरंपण सोबत असतात, ते बघून खरंच बरं वाटतं, कारण पूर्वी लोक त्यांना वॉचमनच्या भरवशावर टाकून जायचे. पण प्रवासात त्यांना सगळ्यात मोठा धोका उकाड्याचा असतो हे अजून बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही, म्हणून हे पत्र लिहितोय.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरचं आणि तोंडातलं पाणी उडून जातं आणि त्यानेच त्याचं अंग थंड होतं. आपल्या मुंबईच्या दमट हवेत मुळात पाणी लवकर सुकत नाही, मग बंद गाडीत काय होत असेल बघा. बाहेर 33-34 डिग्री असलं तरी उन्हात उभ्या गाडीत पहिल्या 10 मिनिटांतच साधारण 10 डिग्री वाढतात, अर्ध्या तासात आतला पारा पन्नाशीला टेकतो, आणि काच बोटभर खाली ठेवली तरी फारसा फरक पडत नाही. कुत्र्याचं नॉर्मल तापमान 38 ते 39 डिग्रीच्या आसपास असतं, ते 41 च्या वर गेलं की जिवावरच बेततं.

गेल्या मे महिन्यात एक्स्प्रेसवेवरच्या एका फूड मॉलला भर दुपारी एक लॅब्रॅडोर असाच गाडीत बघितला. काचेला आतून त्याच्या श्वासाची वाफ धरलेली, सीटवर लाळेचं थारोळं, जीभ लांब बाहेर आलेली आणि रंग लालच्या पुढे जांभळट व्हायला लागलेला. सिक्युरिटीवाला म्हणाला गाडीच्या आतलं आम्ही काय करणार साहेब. गाडी नंबर अनाउन्स करा म्हटलं तर तशी सोयच नाही. शेवटी मालक मंडळी हातात वडापाव घेऊन आली आणि म्हणाली "अहो एसी आत्ताच तर बंद केलाय". कुत्रा वाचला, पण एसीची थंडी किती वेळ टिकते हो? माणसं वाईट नव्हती, कुत्र्यावर त्यांचा जीव होता, त्यांना फक्त हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

असं कुणाचं झालंच तर आधी सावलीत आणा, पोटावर, काखेत, पायांवर साधं नळाचं पाणी ओता, वारा घाला, ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका (आतली उष्णता तिथेच कोंडते), आणि लगेच जवळच्या व्हेटकडे (प्राण्यांच्या डॉक्टरकडे). शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

गाडीत बाकीची काळजी तशी सोपी आहे. मागची सीट, सीटबेल्टला अडकवायचा हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा), निघायच्या तीन-चार तास आधी खाणं, दर दोनेक तासांनी पाणी आणि पाय मोकळे करणं. ड्रायव्हरच्या मांडीवर कुत्रा अजिबात नको, एअरबॅग उघडली तर काय होईल विचार करा. मांजर असेल तर पिंजरा घट्ट बंद, आणि ढाब्यावर तो उघडायचा नाही, पळालं की सापडत नाही.

विमानाचं वेगळंच. आपल्याकडे एअर इंडिया आणि 2022 पासून अकासा प्राणी घेतात, इंडिगो सर्व्हिस डॉग सोडून घेत नाही. केबिनमध्ये फक्त छोटे प्राणी चालतात आणि वजन मोजतात ते पिंजऱ्यासकट, म्हणून लोक वजन वाचवायला छोटा पिंजरा घेतात. असं करू नका, त्यात त्याला उभं राहता, वळता आणि नीट आडवं होता आलंच पाहिजे. मोठा कुत्रा खाली होल्डमध्ये, म्हणजे सामानाच्या कप्प्यात जातो, तिथे हवेचा दाब केबिनसारखाच असतो, पण विमानात चढवण्याआधी तापलेल्या डांबरावर जी वाट बघावी लागते ती वाईट, तेव्हा उन्हाळ्यात पहाटेची किंवा रात्रीचीच फ्लाइट घ्या. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्यांना मुळातच श्वासाचा त्रास, त्यांना होल्डमध्ये पाठवूच नका. आणि कृपा करून झोपेची गोळी देऊ नका. गोळीने ब्लड प्रेशर उतरतं, शरीराला तापमान सांभाळता येत नाही, आणि वर आकाशात त्याच्याकडे बघायला कोणी नसतं. फिट-टू-फ्लाय सर्टिफिकेट (विमानप्रवासाला तब्येत ठीक असल्याचा दाखला) घ्यायला व्हेटकडे जाल तेव्हा हे नक्की विचारा.

प्राण्यांना हाल होतील अशा पद्धतीने नेणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. पण पहिल्या वेळी दंड किती लिहिलाय तर 10 ते 50 रुपये! त्या फूड मॉलवर एवढ्यात चहासुद्धा धड येत नाही. कायदा बदलेल तेव्हा बदलेल, पण फूड मॉल आणि टोलवाल्यांनी या सुट्टीच्या आत एवढं तरी करावं: पार्किंगमध्ये मराठीत ठळक बोर्ड, चार गाड्यांपुरती शेड, पाण्याचा एक नळ, आणि गाडी नंबर पुकारायला एक साधा स्पीकर. आपल्या पेपरने हा विषय लावून धरावा ही विनंती.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई