अ‍ॅशलीची बाजू

जळगाव

प्रिय मित्रा,

परवा फोनवर विषय अर्धवट तुटला आणि तू शेवटचं वाक्य टाकून मोकळा झालास, की ‘मास इफेक्ट 2’ या व्हिडिओ गेममधली, शेपर्डची (म्हणजे आपण खेळतो त्या नायकाची) जुनी सोबतीण अ‍ॅशली कृतघ्न आहे. भो, हे मला मान्य नाही. फोनवर तू बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

मागच्या आठवड्यात आसोद्याकडच्या शेतात भरीत पार्टी होती, तिथेही हाच वाद पेटला. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली, पुऱ्या तळून झाल्या, तरी पोरं होरायझनवरच, म्हणजे ती दोघं पुन्हा भेटतात त्या वसाहतीवरच, अडकलेली. सगळ्यांचं म्हणणं तुझंच. शेपर्ड मरून परत आला, वसाहतीतली अर्धी माणसं वाचवली, आणि जुनी सोबतीण दोन शब्द गोड बोलायचं सोडून पाठ फिरवून जाते. दुसरा जुना सोबती गॅरस बघा, एक प्रश्न न विचारता बंदूक उचलून मागे आला!

पण गॅरस तेव्हा कोण होता? सी-सेकची, म्हणजे पोलिसातली, नोकरी सोडून ओमेगा या गुन्हेगारांच्या अड्ड्यावर एकट्याने गुंडांशी लढणारा. त्याला कुणाला जाब द्यायचा नव्हता. अ‍ॅशलीच्या अंगावर अजून अलायन्सचा, म्हणजे माणसांच्या लष्कराचा, गणवेश आहे. शिवाय तिचं घराणं आठव. तिच्या आजोबांनी शांक्सी वसाहतीवर ट्युरियन या परग्रहवासी लोकांपुढे शरणागती पत्करली आणि तो डाग पुढच्या पिढ्यांच्या बढत्यांवर बसला. विल्यम्स आडनावाच्या मुलीला निष्ठेच्या बाबतीत एकही पाऊल चुकवून चालत नाही. ती सर्बेरसच्या, म्हणजे शेपर्डला पुन्हा जिवंत करणाऱ्या त्या गुप्त संघटनेच्या, जहाजावर चढेल, ही अपेक्षाच मला पटत नाही.

आणि सर्बेरस म्हणजे कोण, हे आपण विसरतो. पहिल्या भागात याच लोकांनी अ‍ॅडमिरल कहोकूला मारलं. तू शेपर्डचा भूतकाळ अकूझ ग्रहावरून एकटा वाचल्याचा निवडला असशील, तर तुझे पन्नास सैनिक थ्रेशर मॉ या राक्षसी किड्याने खाल्ले, आणि त्यामागेही सर्बेरसच होतं. आपल्याकडे एखाद्याचं तेरावं उरकलं, आणि दोन वर्षांनी तोच माणूस गावावर दरोडा घालणाऱ्यांच्या गाडीतून उतरला, तर त्याची सख्खी बहीण तरी लगेच गळ्यात पडेल का? आधी विचारेल, तू होतास कुठे? अ‍ॅशली तेवढंच विचारते. पहिल्या भागात तिच्याऐवजी दुसरा सोबती केडन वाचला असेल तर तोही तेच विचारतो, पण त्याला कुणी कृतघ्न म्हणत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

आता तुझा एक मुद्दा खरा आहे. तो प्रसंग फार घाईत उरकलाय. चार वाक्यं, आणि ती निघून जाते. ‘मी मेलो होतो, मला टेबलावर पुन्हा जोडलं’ हे शेपर्डला धड समजावून सांगता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे अकूझमधून वाचलेला शेपर्ड सर्बेरसच्या म्होरक्यासमोर, इल्युझिव्ह मॅनसमोर, बसतो आणि ती जखम कुठेच नीट उघडी पडत नाही. मार्टिन शीनचा आवाज असलेला तो माणूस सिगारेट ओढत हुकूम देतो, आणि आपल्याला ‘नाही’ म्हणायची मुभा थेट शेवटी, वसाहतींतली माणसं पळवणाऱ्या कलेक्टरांचा तळ उडवताना मिळते. सर्बेरसकडे जाणं कथेत बसतं, कारण आकाशगंगेचा कारभार बघणारं कौन्सिल, सगळ्यांना संपवायला येणारी रीपर्स नावाची यंत्रं खरी आहेत, हे मानत नाही आणि माणसांच्या वसाहती रिकाम्या होत चालल्यात. पण कुरकुरत जाणं आणि निमूट जाणं यात फरक आहे, आणि तो फरक लेखकांनी आपल्या हातात दिला नाही. दोष द्यायचा तर तिथे दे.

तिची भूमिका एवढी छोटी का, याचं माझ्या मते कारण साधं आहे. पहिल्या भागात व्हर्मायर ग्रहावर ती आणि केडन या दोघांपैकी एक जण मरतो, आणि कोण ते आपण ठरवतो. जो कुणाच्या तरी खेळात मेलेला आहे, त्याच्यावर पुढच्या भागाचा मोठा भार टाकायला लेखक कचरतात. शेवटच्या मोहिमेत तर आपल्या चुकीने जवळजवळ कुणीही मरू शकतं, त्यामुळे तिसऱ्या भागात मॉर्डिन हा सॅलेरियन जातीचा परग्रहवासी शास्त्रज्ञ नसेल तर त्याच्या जागी दुसरा सॅलेरियन उभा करावा लागला. निवडीची ही किंमत आहे. मला ती मंजूर आहे, कारण मॉर्डिनसारखा माणूस त्यातूनच मिळाला. क्रोगन या परग्रहवासी लोकांचा वंश खुंटवणाऱ्या, मुद्दाम पसरवलेल्या जेनोफेज रोगाच्या सुधारित आवृत्तीवर त्याने स्वतः काम केलं. तो त्याचं समर्थनही करतो आणि त्याच्या शिष्याच्या प्रयोगांत मेलेल्या क्रोगन बाईच्या प्रेताजवळ हळहळतोही. तशी दहा मिनिटं अ‍ॅशलीला मिळायला हवी होती.

आणखी एक. होरायझननंतर इल्युझिव्ह मॅन स्वतः कबूल करतो, की शेपर्ड जिवंत असून सर्बेरसकडे आहे ही बातमी त्यानेच अलायन्सपर्यंत पोचू दिली. म्हणजे ती भेट कडवट होण्याआधीच कुणीतरी त्यात विष कालवलं होतं. हे ऐकूनही तुझा राग तिच्यावरच कसा राहतो?

दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यापासून नवा शेपर्ड सुरू कर. भूतकाळ अकूझचा घे, आणि व्हर्मायरवर अ‍ॅशलीला वाचव. होरायझनपर्यंत पोचलास की मला फोन कर, रात्री कितीही वाजले तरी.

तुझाच,
जळगावचा दोस्त