टाळ्या हा मोबदला नव्हे

मा. संपादक, स. न.

दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळात सध्या एकच विषय आहे. गणपतीत एका सभासदांनी सभागृहाच्या दुरुस्तीसाठी माईकवरून एक्कावन्न हजार जाहीर केले आणि आता ते हात वर करताहेत. कार्यकारिणी म्हणते, कोर्टात खेचू. वकिलाकडे कारकुनी करण्यात माझी हयात गेली, म्हणून लिहितो.

१८७२ च्या करार कायद्याला नुसता शब्द पुरत नाही, बदल्यात मोबदला लागतो. माईकवरच्या घोषणेला मिळाल्या त्या टाळ्या! पण १८८६ चा कलकत्ता हायकोर्टाचा निकाल पाहा. हावड्याच्या टाउन हॉलसाठी एकाने शंभर रुपयांची वर्गणी लिहून दिली होती. अशा वर्गण्यांच्या भरवशावर नगरपालिकेच्या कमिशनरांनी कंत्राटदाराला काम दिले, म्हणून कोर्टाने त्या वर्गणीदाराला पैसे भरायला लावले. उलट १९१४ मध्ये अलाहाबादला मशिदीच्या दुरुस्तीसाठी कबूल केलेल्या पाचशे रुपयांचा दावा बुडाला, कारण त्या शब्दावर विसंबून काहीच केले गेले नव्हते.

आमच्या मंडळाने अजून गवंड्याला गळकी गच्चीसुद्धा दाखवलेली नाही. मग नोटीस कशाच्या जोरावर?

कलम २५ मध्ये अपवाद आहेत. जवळच्या नात्यात मायेपोटी दिलेले वचन लेखी आणि नोंदणीकृत असेल, तर मोबदल्याविना चालते. पण देणगीदार मंडळाचे कोणी काका-मामा लागत नाहीत. कार्यकारिणीने आधी अंदाजपत्रक मागवावे, त्यांना लेखी विचारावे आणि होकार आल्यावरच काम द्यावे.

— एक जुना वाचक, वडोदरा